मुंजाजीमामांचं बोलावणं

नोकरीच्या पहिल्या दिवशी मुंजाजीमामांनी मला हुंगलं आणि घरी पाठवून दिलं. खरं तर ते माझ्यापासून चांगले दहा-बारा पावलं लांब उभे होते. मी नव्याकोऱ्या खाकी गणवेशात, केस चापूनचोपून बसवलेले, हातात कोरी डायरी. त्यांनी नाक जरा वर केलं, दोनदा श्वास ओढला आणि म्हणाले, "म्याडम, चमेलीचं तेल लावून आलाव तुमी. आज काई दिसणार न्हाई. उद्या या." मी वनरक्षक आणि ते रोजंदारीवरचे वनमजूर, म्हणजे रीतीप्रमाणे हुकूम मी सोडायचा होता. पण मी निमूट परत गेले. दुसऱ्या दिवशी तेल नाही, साबण नाही, पावडर नाही, अशी आंबट तोंडानं हजर झाले. त्यांनी पुन्हा हुंगलं आणि नुसती मान हलवून चालायला लागले.

परभणी जिल्ह्यात वनखात्यात आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, जंगल कुठाय? प्रश्न काही चुकीचा नाही. चुडाव्याच्या पुढं माझ्या वाट्याला आलेलं जंगल म्हणजे एका ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळी, थोडे पळस, खुरटी बोरं आणि गावाचं गायरान. चारी बाजूंनी ऊस, तूर, हरभरा. एका कडेनं रेल्वेचे रूळ. वाघ-बिबट्याचं नावच नको. या सगळ्या साम्राज्यातला मोठ्यात मोठा मांसाहारी प्राणी म्हणजे कोल्हा. मी पेडगावची, शेतकऱ्याच्या घरातली. कोल्हेकुई ऐकतच मोठी झाले, पण कोल्हा नीट, निवांत असा कधी पाहिला नव्हता. साहेबांनी सांगितलं होतं, कोल्हे किती, बिळं कुठं, पिल्लं किती, लिहून आण. मुंजाजी सोबत आहे, त्याला सगळं ठाऊक आहे.

त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचे वडील शिकाऱ्यांना घेऊन हिंडायचे. हैदराबादहून, नांदेडहून साहेब लोक यायचे आणि मुंजाजी पोरवयात वडिलांच्या मागं मागं असायचे. पुढं शिकारबंदी झाली, वडील गेले, आणि कोल्हा-सशाची सगळी विद्या अंगात घेऊन हा माणूस वनखात्यात खड्डे खणायला आणि रोपांना पाणी घालायला लागला. कागदावर त्यांचं वय चोपन्न होतं आणि बरीच वर्षं ते चोपन्नच होतं. अंगानं काटक, डोक्याला मळका रुमाल, वरचा पुढचा एक दात पडलेला. हसले की त्या फटीतून आधी वारा यायचा आणि मग हसू.

त्यांनी मला जे शिकवलं ते मूळचं शिकाऱ्यानं नवशिक्याला शिकवायचं शिक्षण होतं. बंदुकीच्या जागी डायरी, एवढाच फरक. पहिला महिनाभर त्यांनी मला कोल्हा दाखवलाच नाही. नुसतं बसायला शिकवलं. बसायच्या आधी चिमूटभर माती हातातून सोडून बघायची, वारा कुणीकडं जातोय. वारा तोंडावर पाहिजे. "पाठीवर वारा घिऊन बसलाव की कोल्ह्याला तुमचं गाव, तुमचं घर, सकाळी काय खाल्लं, सगळं कळतंय," असं ते म्हणायचे. बसायच्या जागेकडं कोल्ह्याच्या वाटेवरून जायचं नाही, वळसा घालून मागून जायचं. पाठीला झुडूप पाहिजे, म्हणजे माणसाचा आकार उठून दिसत नाही. डावा गुडघा जमिनीवर टेकायचा, उजवा उभा. त्यांचा स्वतःचा डावा गुडघा तसा टेकून टेकून उंटाच्या गुडघ्यासारखा घट्टा पडलेला होता. मी अर्ध्या तासात चुळबुळ करायला लागले की ते माझ्याकडं न बघता पुटपुटायचे, "मुंग्या आल्या तर येऊ द्या. त्या काई तुमाला उचलून न्येत न्हाईत."

मग जमीन वाचायला शिकवलं. आमची काळी माती ओली असली की तिच्यासारखा दुसरा साक्षीदार नाही. कुत्र्याचा पाय फुगीर, कोल्ह्याचा लांबट. कुत्रा भटकत जातो, कोल्हा काम असल्यासारखा सरळ. विष्ठेत बोराच्या बिया दिसल्या की ती काडीनं उकरून किती ताजी ते बघायचं. मी आधी नाक मुरडलं. पुढं पुढं मात्र जेवताना आईला फोनवर तेच सांगायला लागले आणि तिनं फोन ठेवला.

सगळ्यात शेवटी बोलावणं. पळसाचं कोवळं पान मधोमध दुमडायचं, दातांत धरायचं आणि ओठ आवळून फुंकायचं. त्यातून जो आवाज निघायचा तो ऐकून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. काटेरी कुंपणात अडकलेलं ससं जसं केविलवाणं ओरडतं, अगदी तसा. माझ्या पानातून आधी नुसती थुंकी निघाली, मग शिट्टी. त्यांनी पान काढून घेतलं आणि म्हणाले, "भांडायलं न्हाई ते, मरायलंय. हळू. आन मधी मधी गप बसा. मरणारं सारखं वरडत न्हाई." झाल्यावर पान खिशात घालायचं, तिथं टाकायचं नाही, हाही नियम. एकदा त्यांनी दोघांची पानं शेजारी ठेवून दाखवली. माझ्या पानावर दातांची सलग ओळ, त्यांच्या पानावर मधे फट. "अंगठा तर कुणीबी देतंय," ते म्हणाले. "ही माझी सही हाय."

डिसेंबरातल्या एका सकाळी, उन्हं नुकती बाभळीच्या शेंड्यावर आलेली असताना, मी माझ्या पानावर पहिलं धड बोलावणं केलं. तीनदा आवाज काढला आणि थांबले. तुरीच्या कडेनं एक कोल्ही आली. डावा कान फाटलेला, छातीवर मातकट पांढरं, पाय इतके बारीक की ती चालते आहे की तरंगते आहे कळेना. वीसेक पावलांवर थांबून तिनं थेट माझ्या झुडपाकडं पाहिलं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, पायाकडं बघायचं, हे मला शिकवलेलं होतं, म्हणून मी तिच्या पुढच्या पायांकडं बघत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. तिचं नाव आम्ही कानफाटी ठेवलं. परतीच्या वाटेवर मामा पहिल्यांदा मला 'माय' म्हणाले. आमच्याकडं मुलीला मायेनं 'माय' म्हणतात. त्या दिवसापासून म्याडम संपली.

त्याच वाटेवर ते आणखी एक बोलले होते. मी मोबाइलवर काढलेला तिचा फोटो त्यांना दाखवत होते. त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. पर हे वाढल्या ताटावरून उठून जायल्यावानी हाय, माय." मी हसले. म्हातारा जुन्या दिवसांच्या आठवणीत आहे, असं वाटलं. त्या वाक्यापाशी मी जरा थांबायला हवं होतं.

त्यांचा एक मोठा नियम होता: एका जागी दोनदा बोलवायचं नाही. कोल्हा एकदा फसतो, दुसऱ्यांदा शहाणा होतो. पण मला तर रोज नोंदी हव्या होत्या, आणि मी कंटाळून तसं म्हटलं तेव्हा त्यांनीच तोड काढली. म्हणाले, बोलावलं आणि रिकाम्या तोंडानं परत पाठवलं तर पाहुणासुद्धा पुन्हा येत नाही. आलेल्याला काहीतरी वाढलं पाहिजे. गावाबाहेर एक कोंबड्यांचं शेड होतं. तिथली मेलेली पिल्लं ते पिशवीतून आणायचे आणि आवाज काढायच्या आधी बाभळीखाली ठेवायचे. जंगली जनावराला खायला घालायचं नाही, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हेही मला घरी शिकवलेलं होतं, आणि मला त्यातलं सोयीचं ते पटलं. डायरीत मी त्याबद्दल काही लिहिलं नाही.

हिवाळा सरेपर्यंत कोल्हे बोलावल्यावर धावत यायला लागले. कानफाटी, तिचा थोराड नर, मागल्या साली झालेली चार तरणी पोरं. एक तर इतकं निर्ढावलं की आवाज संपायच्या आत बाभळीखाली येऊन बसायचं. साहेबांनी माझ्या नोंदींचं कौतुक केलं, गावात मला 'कोल्हेवाली म्याडम' नाव पडलं. त्याच काळात माझे वडील दवाखान्यात होते. मी आठ दिवस परभणीला राहिले आणि माझी सगळी गस्त मामांनी एकट्यानं पायी केली. मी परत आले तेव्हा घरून त्यांनी तिळाची चटणी बांधून आणलेली. सख्ख्या मामानं केलं नसतं तेवढं या माणसानं केलं, असं मी आईला सांगितलं. ते खोटं नव्हतं, हीच अडचण आहे.

मार्चमध्ये नर मेलेला सापडला. ओढ्याच्या काठाला, बरगडीत छऱ्यांची भोकं. मी त्याच्याजवळून हलत नव्हते. मामांनी मला खांद्याला धरून बाजूला बसवलं आणि स्वतः जमीन वाचायला घेतली. हे बघा मोटारसायकलचं चाक, हे बघा बुटाचे ठसे, बाहेरची माणसं, रस्त्यावरून जाता जाता मारलं, असं ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक गावातला शेतकरी, दुसरे नेहमीप्रमाणे मामा. त्यांनी अंगठा दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणी केल्यावर रीतीप्रमाणे दहन करायचं होतं. लाकडं मामांनी आणली, रचली, काडीही त्यांनीच लावली. धूर डोळ्यांत गेला म्हणून त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि ते बघून मला जास्त रडू आलं.

तीन आठवड्यांनी कानफाटी गेली. त्या दिवशी मामा सुट्टीवर होते, मानवतला मुलीकडं जातो म्हणून सांगितलेलं. एका सालगड्यानं फोन केला आणि मी एकटीच गेले. या वेळी जमीन वाचायला कुणी नव्हतं, म्हणून ती मी वाचली. आदल्या दिवशी हरभऱ्याच्या रिकाम्या रानाला कुणीतरी पाणी सोडलेलं होतं आणि माती सगळं धरून बसली होती. कानफाटी धावत आली होती. भ्यायलेली नाही, दबकत नाही, सरळ, काम असल्यासारखी. ती पडली होती तिथून वारा जिकडं जात होता तिकडं मी बघितलं. मी असते तर कुठं बसले असते? बोरीच्या झुडपाला पाठ लावून. झुडपाकडं मी वळसा घालून मागून गेले.

तिथं डाव्या गुडघ्याचा खळगा होता. गोल, खोल, घट्ट्यासकट. त्याच्या मागं दोन जणांच्या बुटांचे ठसे, ऐसपैस, चुळबुळ केलेले. आणि खळग्याच्या पुढं, मातीत, दुमडलेलं पळसाचं पान. मी ते उचललं. उघडलं. दातांची ओळ होती आणि मधे फट होती.

मी तिथंच बसले. पहिल्यांदा मला वाटलं, पान जुनं असेल. पण पान कोवळं होतं, कालचं. मग वाटलं, ते त्यांना अडवायला आले असतील. माणूस स्वतःला किती खोटं सांगू शकतो ते मला त्या तासाभरात कळलं. नर मेला त्या ठिकाणचे माझे फोटो मी मोबाइलवर काढून बघितले. मोटारसायकलचं चाक बुटांच्या ठशांच्या खाली होतं; मारून गाडीवर पळाले असते तर ते वर उमटलं असतं. ती गाडी आधीच कधीतरी गेलेली होती. फोटोच्या कोपऱ्यात झुडपाशी गुडघ्याचा तोच खळगा होता. मामांनी त्याच्यापुढं उभं राहून मला सगळं समजावून सांगितलं होतं.

ते मानवतला गेलेच नव्हते. घरी ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि दोरी वळायची थांबवली.

"बार माझा न्हाई," ते म्हणाले. "शेडवाल्या मालकाकडं बंदूक हाय, पिकाच्या राखणीची. तेंचे पाव्हणे आले व्हते. मी निस्तं बोलावलं."

"ती बोलावण्यावर का आली मामा? तिला खायला मिळतं म्हणून आली. ते मी घातलं."

"आपुन दोघांनी घातलं."

"पिल्लं त्यांच्याच शेडमधली होती. म्हणजे पहिल्यापासून हे ठरलेलं होतं?"

त्यांनी दोरीचा सुटलेला पीळ बोटांनी सारखा केला. नाही म्हणाले असते तर मी कदाचित त्यालाच धरून बसले असते. ते नाही म्हणाले नाहीत. मी फक्त विचारलं, का?

"माझ्या बापाला बगायला हैदराबादेहून मानसं येत व्हती," ते म्हणाले. "मला चाळीस वर्षं कुणी बगितलं न्हाई. तुमी आलाव, तुमी बगत व्हता, पर तुमी कोल्हा बगत व्हता. त्या लोकायनं मला बगितलं. बार झाला, तवा टाळ्या वाजवायले ते. त्या गडबडीत पान इसरलो मी, म्याडम."

माय नाही, म्याडम. तेवढं एक त्यांनी प्रामाणिकपणानं केलं.

मी गुन्हा नोंदवला. पंचनाम्याला पान जोडलं. पहिला पंचनामा खोटा कसा हेही लिहिलं, आणि खायला घालण्यात माझा हात होता हेही लिहिलं. साहेब म्हणाले, एवढं लिहायची गरज नव्हती. माझी एक वेतनवाढ थांबली. बंदूक जप्त झाली, मामांचं काम सुटलं, कोर्टात तारखा पडायला लागल्या. गावात अर्धे लोक म्हणाले, म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिला. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण रात्रंदिवस जे टोचत होतं ते वेगळंच होतं. माझ्याच तोंडच्या आवाजावर ती निर्धास्त झाली होती, आणि माझ्याच शिक्षकानं तो आवाज काढून तिला मारणाऱ्यांपुढं आणून उभं केलं होतं. त्यांनी तिला एकदा फसवलं. मला अख्खा हिवाळा.

चार तरणी पोरं उरली होती. आणि ती अजून येत होती. कुणीही पळसाचं पान दाताखाली धरावं आणि त्यांनी धावत यावं, एवढं सोपं आम्ही करून ठेवलं होतं. बंदूक काय, दुसरी आणता येते. मग मी तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी घेतली. त्याच जागा, तोच वारा, तोच डावा गुडघा. पानावर बोलवायचं, ती आली, जवळ आली, की उठून डबा बडवत अंगावर धावायचं. पहिल्या दिवशी निर्ढावलेलं ते पोर थोडं पळालं, थांबलं, आणि वळून माझ्याकडं बघत राहिलं, काहीतरी चूक झाली असेल असं. संध्याकाळी ते पुन्हा आलं. मी पुन्हा धावले. घरी येऊन जेवले नाही. महिनाभर मी हेच करत होते, एकेका जागी आठ-आठ, दहा-दहा वेळा, त्यांचा नियम मोडून. पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या बोलावण्याला कुणीही येईनासं झालं. लांबून, उसाच्या कडेनं, कधी एखादी शेपटी दिसायची आणि आवाज काढला की उलट्या दिशेनं जायची. मी पान खिशात घालायची आणि उठायची.

गेल्या साली दिवाळीच्या आधी मी चुडाव्याच्या स्टेशनात पेडगावला जायला उभी होते. बाकावर मामा बसलेले, मांडीवर पिशवी. फार वाळले होते. मी बघून न बघितल्यासारखं करणार होते, पण फलाटावर आम्ही दोघंच होतो.

"येतेत का?" त्यांनी विचारलं. काय ते सांगायची गरज नव्हती.

"न्हाई येत."

"किती खेपा लागल्या?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पहिल्या दिवशी हलवली होती तशीच. म्हणाले, डब्याचा आवाज त्यांच्या शेतापर्यंत यायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ते ऐकत बसायचे. मग गाडीचा आवाज आला आणि ते पिशवी सावरत म्हणाले, "आता तुमाला शिकवायचं काई ऱ्हायलं न्हाई, माय."

मी दुसऱ्या डब्यात चढले. गाडी पूर्णा सोडून पुढं आली तरी ते वाक्य माझ्या कानात होतं. नर, कानफाटी, खोटा पंचनामा, चितेपाशी पुसलेले डोळे, हे सगळं कागदावर आलेलं आहे, त्याचा निकाल कोर्ट लावील. कागदावर नाही आलेली गोष्ट एवढीच, की त्यांनी मला 'माय' म्हटलं आणि मला बरं वाटलं. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.